पिठातला शिरगोळा

मालनबाईच्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वरल्या आळीची बाई, बावीस एकर जिरायतीची धनीण, बोलली तर बोलली, कोण तिच्या तोंडाला लागणार! पण त्या जिभेनं तिनं एका गरीब बाईच्या पोटावर पाय दिला, तोही चारचौघींत. तो पाय काढून घेताना मग तिच्या नाकी नऊ आले.

साल बहात्तरचं. सुप्यापासून पाच कोसांवरचं हे गाव, आणि त्या वर्षी पावसानं गावाकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. खरीप गेला, रब्बी पेरलीच नाही. विहिरींच्या तळाला पालींनी घर केलं. रेशनवर तांबडा मायलो, परदेशी ज्वारी, मिळायचा, आणि दुष्काळी कामावर बायकामाणसं रस्त्याची खडी फोडायची. त्यात वरली आळी, खालची आळी असं काही उरलं नव्हतं. हातोडा सगळ्यांच्या हातात सारखाच. हे मालनबाईला फार लागायचं. घरात बैलजोडी असलेली बाई उन्हात मांडी घालून दगड फोडते, आणि शेजारी कोण, तर जिला कालपरवापर्यंत उंबऱ्याबाहेरून भाकरी द्यायची ती. बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून ते आतल्या आत आंबत होतं.

गावात सूर्यभानची इंजिनावरची गिरणी होती. आता इंजिन म्हटलं की ते गार ठेवायला पाण्याचं टाकं आलं. माणसांनाच टँकर तिसऱ्या दिवशी, तिथं इंजिनाची तहान कोण भागवणार? दिवाळी झाली आणि गिरणीला कुलूप लागलं. घरोघरी जाती होती म्हणा, पण गिरणी आल्यापासून दहा वर्षं त्यांना कुणी छिन्नीनं टाकी लावली नव्हती. कुणाच्या जात्याची तळी न्हाणीत पाय घासायला, कुणाची दारात पायरीला. मालनबाईचं जातं माळवदाखाली कोपऱ्यात होतं, पण गुळगुळीत झालेलं. दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईनं त्यावर मायलो ओढायचा म्हणजे खांदा निखळून हातात यायचा.

गावात एकच जातं जागं होतं, ते बायडाबाईचं. खरं म्हणजे दोन.

बायडाबाई ओढ्याच्या कडेला राहायची. पन्नाशीची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मागंपुढं कुणी नाही. धंदा रांगोळीचा. आपल्याकडं विहिरीला सुरुंग लावला की काळ्या खडकाच्या पोटातून कधीकधी पांढरी शीर निघते, त्यातला दगड म्हणजे शिरगोळा. विहीर कुठं खणायला घेतली हे बायडाबाईला बरोबर कळायचं. ती पाटी घेऊन हजर व्हायची, ढिगाऱ्यातून शिरगोळे वेचायची, घरी आणून कुटायची, दळायची, फडक्यानं गाळायची आणि चार गावांत विकायची. तिची रांगोळी चिमटीतून तुटत नसे. उरलेली जाडी भुकटी पितळेची भांडी घासायला जायची, आणि यात्रा आली की देवाचे चांदीचे मुखवटे उजळायला पुजारी तिलाच बोलवायचा.

दगडाची तिची पारख पक्की. पांढरी दिसते म्हणून गारगोटी कुणी शिरगोळा म्हणून गळ्यात मारू लागला तर ती खुरप्याच्या टोकानं रेघ ओढायची. शिरगोळ्यावर रेघ उमटते, गारगोटीवर खुरपं घसरतं. तरी शंका राहिली तर लिंबाचा थेंब टाकायची. "खरा शिरगोळा लिंबाला उकळतो," असं ती बायकांना कौतुकानं दाखवायची, "गार आपली गप बसती." थेंबाखाली बारीक बुडबुडे फसफसायचे, आणि बायका तोंडाला पदर लावून बघायच्या. त्यात मालनबाईही असायची.

दुष्काळात दारात रांगोळी कोण काढतंय? धंदा बसला. तेव्हा बायडाबाईनं दुसरं जातं पुढं ओढलं. दगडाचं जातं ओसरीत, दाण्याचं आत, आणि दोन्हींची सुपं, चाळण्या, पुसायची फडकीसुद्धा निराळी. दगडाच्या जात्याला लागलेला हात धुतल्याशिवाय ती दाण्याला लावत नसे. पाणी नसलं तर राखेनं चोळायची. गाव हे बघत होतं, म्हणूनच दळण टाकत होतं. पायलीमागं ओंजळभर पीठ ही तिची दळणावळ. सकाळी बायका कामावर जाताना दाणे टाकायच्या, आणि दुपारी भाकरीच्या सुट्टीत बायडाबाई पिठाची गाठोडी डोक्यावर घेऊन रस्त्यावर आणून द्यायची. दोन महिने तिचं बरं चाललं.

मालनबाईचं दळण घेऊन जायची तिची सून चांगुणा. वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, एकोणीस वर्षांची, तोंडात जीभ आहे की नाही अशी. नवरा सहादेव कोपरगावाकडं साखर कारखान्यावर कामाला गेलेला, आणि हिला सातवा महिना. स्वयंपाक तिच्याकडं. त्या घरची रीत जुनीच होती: आधी गडीमाणसं जेवणार, सासरे कारभारी आणि धाकटा दीर, मग मालनबाई, आणि सगळ्यांचं झाल्यावर सून. मालनबाई स्वतः सून असताना अशीच जेवली होती. सुकाळात त्याचं काही नव्हतं, कारण टोपल्यात भाकरी उरायच्या. दुष्काळात टोपलं तेच राहिलं, भाकरी मोजक्या झाल्या, आणि रीत मात्र कुणी बदलली नाही.

माघात एक दिवस कारभाऱ्यांनी घास तोंडात घेतला आणि तसाच ताटाबाहेर काढला. "खडं हायत का पिठात? दात दुखाया लागलं." दीर म्हणाला, कालपण तसंच होतं. मालनबाईनं तुकडा चावून बघितला. कचकच. मायलोत माती असते, पण ही माती नव्हती. तिनं पीठ तळहातावर घेऊन उजेडाला धरलं. तांबूस पिठात पांढरे कण.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? सुनेला विचारलं असतं, पिठाच्या डेऱ्यात हात घालून बघितलं असतं. मालनबाईच्या डोक्यात मात्र थेट बायडाबाई उभी राहिली. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. महिनोन् महिने जे आतल्या आत आंबत होतं, त्याला बाहेर पडायला दार मिळालं. दाणे काढून घ्यायचे आणि वजनाला दगड घालायचा, असला तिचा धंदा! श्रीगोंद्याच्या बहिणीनं चार लिंबं पाठवली होती, वाळून सुपारीएवढी झालेली. त्यातलं एक तिनं कनवटीला लावलं, मूठभर पीठ पदराच्या टोकाला बांधलं आणि कामावर गेली.

दुपारी बाभळीखाली टोळी भाकरीला बसली. बायडाबाई गाठोडी उतरवत होती.

"बायडे, थांब जरा," मालनबाई म्हणाली. "ह्या सगळ्यांम्होरं एक बघून घे."

तिनं सपाट दगडावर पीठ ओतलं, लिंबू दातानं फोडलं आणि पिळलं. पिठात पांढरे कण होते तिथं तिथं बारीक फसफस झाली. बायका वाकून बघू लागल्या.

"तूच शिकवलं न्हवं, शिरगोळा उकळतो म्हनून? बघ, उकाळला. दाना घेतीस आमचा आन दगड खायाला घालतीस? असल्या दिसांत? मड्याच्या टाळूवरचं लोनी खानारी जात तुझी."

बायडाबाईचा चेहरा उतरला. "मालनबाई, माझी दोन जाती हायत. तुमी समद्यांनी बघितल्यात. दान्याच्या जात्याला मी दगड लागू दिला न्हाई."

"मग हे काय आभाळातनं पडलं?"

बायडाबाई खाली बसली. तिनं कोरड्या पिठाची चिमूट घेतली आणि दोन बोटांत चोळली. एकदा चोळली, दुसऱ्यांदा चोळली, आणि तिचा हात थांबला. तिनं मान वर केली. मालनबाईकडं नाही, तर पलीकडं, घोळक्याच्या कडेला भाकरी घेऊन आलेली चांगुणा पोटावर हात ठेवून उभी होती तिकडं. चांगुणानं नजर खाली घातली.

"बोल की आता," मालनबाई म्हणाली.

बायडाबाई उठली. हात पदराला पुसले. "मला काय बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाली आणि रिकामी पाटी काखेत मारून निघून गेली.

गप्प बसली म्हणजे चोर ठरली. गावाचा न्याय तो. गोजरबाई टोळीतली सगळ्यात जुनी, तिनं पहिल्यांदा मान हलवली. "आपल्याला वाटलं न्हवतं बाई," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून एकीनंही बायडाबाईकडं दाणे टाकले नाहीत. घरोघरची गुळगुळीत जाती पायरीवरून उठली, बायका रात्री खांदे चोळत बसू लागल्या, पण बायडाबाईकडं कुणी गेलं नाही. चार दिवसांनी ती स्वतःच हातोडा मागायला मुकादमाकडं आली. टोळीच्या टोकाला एकटी बसून खडी फोडू लागली. शेजारी कुणी बसत नसे. मालनबाई तिच्याकडं बघायची आणि जोरानं हातोडा मारायची.

घरी आता मालनबाई स्वतः दळत होती, आणि तरी भाकरी कचकचायची. कारभारी कुरकुरले तर म्हणायची, जातं जुनं झालंय, त्याचे खडे निघत्यात. स्वतःच्या जात्याचे खडे तिला चालले. लिंबू पिळून बघावं असं तिच्या मनातही आलं नाही.

मग एका दुपारी, हाटाच्या दिवशी काम बंद होतं आणि रेशन आलं नव्हतं, तेव्हा मालनबाईनं पिठाच्या डेऱ्याचा तळ खरवडायला हात घातला. बोटांना चिंधी लागली. तिनं ती वर काढली. जुन्या लुगड्याचा फाटका तुकडा, त्याची गाठ सैल झालेली, आणि आत पांढरा चुरा. चार मोठे खडे, बाकी बारीक. गाठीतून सांडलेला चुरा डेऱ्याच्या तळाला पिठात मिसळला होता. मालनबाईनं चिमूट घेतली आणि दोन बोटांत चोळली, बायडाबाईनं चोळली होती तशी. खरखरीत. नुसता कुटलेला, दळलेला नाही, गाळलेला तर नाहीच. जात्यातून निघालेली भुकटी अशी नसते, हे पोरंसोरंही सांगतील. बायडाबाईनं तेव्हाच ओळखलं होतं. हे कळलं आणि मालनबाई चुलीपाशी बसून राहिली.

चांगुणा टँकरवरून घागर घेऊन आली तेव्हा सासू तशीच बसलेली होती. मालनबाईनं चिंधी पुढं धरली.

"हे काय हाय?"

चांगुणानं घागर उतरवली नाही. डोक्यावर घागर घेऊनच म्हणाली, "लपवून खात हुते."

"दगड?"

"डोहाळं लागल्यापासनं. मातीचा वास आला तरी तोंडाला पानी सुटायचं. आन खाल्लं की पोटात कायतरी पडल्यासारखं वाटायचं."

"खाली ठिव ती घागर. कुनी दिला?"

"बायडामावशीनं. मी दळन टाकाया गेल्ते तवा ओसरीतला चुरा तोंडात टाकत हुते, तिनं बघितलं. म्हनली, चिमटीनं खा, लई खाल्लास तर पोट बांधून जाईल. आन..." चांगुणा थांबली. "आन भाकर दिली. मग दर खेपंला द्यायची. बसवून खायाला लावायची."

"कुनाच्या पिठाची?"

"तिच्याच. दळनावळीच्या."

मालनबाईचा हात वर गेला. सवयीचा हात. मग तिची नजर सुनेच्या मनगटावर पडली. लग्नात भरलेल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. रोज डोळ्यांसमोर असलेलं मनगट तिनं आज बघितलं. हात खाली आला.

"भूक लागती तर मागायचं न्हाई का?"

"मागितलं हुतं," चांगुणा म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, विचारलं म्हणून सांगितलं. "पौषात. तुमी म्हनलात, आधी गडीमानसं."

मालनबाईला आठवत नव्हतं. आठवत नव्हतं याचीच जास्त लाज वाटली. म्हणाली असेल. चुलीपुढं बसून, पाठ न वळवता, माशी हाकलावी तसं म्हणाली असेल.

"आन त्या दिशी बाभळीखाली तोंड का न्हाई उघडलंस?"

"तुमी हुतात की," चांगुणा म्हणाली.

त्या संध्याकाळी मालनबाईनं चिंधी चुलीत टाकली. चिंधी जळाली, चुरा राखेत पांढरा तसाच पडून राहिला. सुनेला तिनं स्वतःच्या आधी भाकरी वाढली. पण चांगुणा घास हातात घेऊन सासूकडं बघत बसली. चूल विझेपर्यंत तिनं अर्धीच खाल्ली.

तीन दिवस मालनबाई कुणाशी बोलली नाही. एरवी टोळीत तिची टकळी थांबत नसे. गोजरबाईनं विचारलंसुद्धा, "काय गं, दातखीळ बसली का?" मालनबाई मान खाली घालून हातोडा मारत राहिली. टोकाला बायडाबाई बसलेली. जात्याचा खुंटा धरणारे तिचे हात हातोड्याला सरावले नव्हते. उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली, तिच्यावर रक्त वाळलेलं. मालनबाई स्वतःला समजवायची, आपण मुद्दाम थोडंच केलं, चुकून झालं. पण लिंबू पिळताना आपल्याला किती बरं वाटलं होतं, ते तिला आठवायचं, आणि मग समजूत पटायची नाही. आपण वाईट आहोत, हा विचार तिच्या आयुष्यात पहिल्यांदा आला होता, आणि तो जाता जात नव्हता.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता ती ओढ्याकडं गेली. पदराखाली पायलीभर मायलो. बायडाबाई ओसरी झाडत होती. दोन्ही जाती झाकून ठेवलेली.

"बायडाबाई."

बायडाबाईनं मान वर केली. मालनबाई म्हणाली, "चिंधी घावली."

बायडाबाईचा केरसुणीचा हात थांबला. "तिला मारलं का?"

"न्हाई."

"खरं?"

"खरं. हात लावला न्हाई."

बायडाबाई पुन्हा झाडू लागली.

"माझी चूक झाली," मालनबाई म्हणाली. "तू का न्हाई बोललीस तवा? एका शब्दानं सांगायचं."

"काय सांगू? ह्यांची सून उपाशी हाय, दगड खाती? समद्या टोळीम्होरं? पोटुशी पोर, जानार तुमच्याच घरी. शब्द दिल्ता तिला." बायडाबाईनं केर गोळा केला. "माझं काय, मी एकली."

मालनबाईनं मायलोची पायली पुढं केली. "हे ठिव. आन मला माफ कर."

बायडाबाईनं पायलीकडं बघितलंही नाही. "मला कशाला सांगताय? मी चोर न्हाई हे मला ठावं हुतं. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा." मग केर उचलत म्हणाली, "पन पोरीचं नाव काढू नका."

घरी येईपर्यंत मालनबाईच्या डोक्यात तेच. पोरीचं नाव काढायचं नाही, आणि चुरा डेऱ्यात कसा आला ते तर सांगायचं. वाटेतच तिला तोड सापडली. शिरगोळ्याची भुकटी पितळ घासायला लागतेच की! कुणाच्या घरात नसते? भांडी घासायला आणला होता, पिठात सांडला. बायडाबाईवरचा आळ जाईल, घराची अब्रू राहील, सुनेचं नाव निघणार नाही. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. खूप दिवसांनी मालनबाईनं मोकळा श्वास घेतला.

दुपारी बाभळीखाली भाकरी सुटल्या. बायडाबाई नेहमीसारखी लांब बसलेली. चांगुणा कामावर नव्हती, पण आजही सासूनं तिला भाकरी घेऊन यायला सांगितलं होतं, आणि ती गाठोडं ठेवून उभी होती. मालनबाई उठून उभी राहिली.

"बायांनो, ऐका जरा. मी बायडाबाईवर आळ घेतला तो खोटा हुता. तिच्या पिठात दगड न्हवता. चुरा माझ्याच घरातला. भांडी घासाया आनला हुता, त्यो डेऱ्यात सांडला. तिचा काय दोष न्हाई."

मग गोजरबाई म्हणाली, "अगं बया! म्हंजे उगाच त्या बाईला इतके दिस..." आणि बाकीच्याही बोलू लागल्या. कुणी लाजून बायडाबाईकडं बघितलं, कुणी म्हणालं, मला तवाच वाटलं हुतं. जिला वाटलं होतं तिनं तेव्हा तोंड उघडलं नव्हतं, ते जाऊ द्या. एकूण काम झालं होतं. सुंठीवाचून खोकला गेला. मालनबाई खाली बसली आणि भाकरीची गाठ सोडू लागली.

"पन डेऱ्यात हात कुनाचा असतो?" गोजरबाई म्हणाली, आणि ती चांगुणाकडं वळली. "काय गं पोरी, डोळं कुठं असत्यात तुझं? घासायची भुकटी पिठात सांडतीस? तुझ्या धांदरटपनानं एका म्हातारीचं पोट मारलं. आन गप बसलीस वर!"

"हल्लीच्या सुनांचं लक्ष कुठं असतंय कामात," दुसरी म्हणाली.

"माझ्या सासूनं माझं हात डागलं असतं," तिसरी.

चांगुणा मान खाली घालून उभी. ऊन तिच्या डोक्यावर. "चुकलं," ती म्हणाली.

मालनबाईची गाठ सोडणारी बोटं थांबली. ती सुनेकडं बघू लागली. पोर खोटं कबूल करत होती, सासूचं खोटं, तेही पहिल्या हाकेला, जसं काही ते तिचंच काम होतं. लांब बसलेली बायडाबाई आता मालनबाईकडं रोखून बघत होती. मालनबाईला वाटलं, धरणी दुभंगावी. मग ती पुन्हा उठली.

"तिनं सांडलं न्हाई. खोटं बोलले मी. भांडी घासायला न्हवता त्यो. ती खात हुती. बायडाबाईनं तिला दिल्ता. दगड खात हुती माझी सून. भुकंपोटी."

गोजरबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

"म्हंजे? घरात मायलो येत न्हाई का तुमच्या?" तिनं विचारलं. तिला टोचायचं नव्हतं, तिला खरंच कळलं नव्हतं.

"येतो."

"मग?"

"आमी खातो," मालनबाई म्हणाली. "आमचं झाल्यावर तिला. उरंल ते. कवा अर्धी, कवा चतकोर. कवा न्हाईच. मी कधी टोपल्यात बघितलं न्हाई. बायडाबाई तिला आपल्यातली भाकर खायला घालत हुती, आन मी तिलाच हितं उभी करून चोर म्हनले."

त्या टोळीत सासवा दहा-बारा तरी असतील. एकीनंही मालनबाईला नाव ठेवलं नाही. गोजरबाईची सून शेजारीच बसली होती. तिनं सासूकडं बघितलं, आणि गोजरबाई भाकरीवरची धूळ फुंकत बसली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो मालनबाईनं घेतला नाही. मुकादमानं शिट्टी मारली. बायका उठल्या, आणि उठता उठता दोघी-तिघी बायडाबाईपाशी थांबून खालच्या आवाजात काही बोलल्या. उद्या दाणे टाकू का, असंच असणार. बायडाबाईनं मान हलवली.

मालनबाईला वाटत होतं, बायडाबाई आता येईल. दोन शब्द बोलेल. शिव्या दिल्या तरी चालतील, चार लोकांत तोंडात मारली तरी चालेल. पोरीचं नाव काढू नका म्हटलं होतं, तरी काढलंत, असं तरी म्हणेल. दुपारभर ती हातोडा मारत वाट बघत राहिली. बायडाबाई आली ती चांगुणासाठी. तिला बाभळीच्या सावलीत बसवलं, आपल्या फडक्यातली भाकरी तिच्या हातात दिली, आणि ती खाऊन होईपर्यंत मुकादम ओरडत असतानाही तिथून हलली नाही. मालनबाईकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

काम सुटल्यावर सगळ्या गावाकडं निघाल्या. चांगुणा आणि बायडाबाई पुढं चालल्या होत्या, हळूहळू, पोटुशीच्या पावलानं. दोघी काहीतरी बोलत होत्या, आणि एकदा चांगुणा हसली. सासरी आल्यापासून तिला असं हसताना मालनबाईनं कधी ऐकलं नव्हतं. मालनबाई मागून येत होती; तिच्या खांद्यावर दोन हातोडे, स्वतःचा आणि बायडाबाईचा, तो तिनं न विचारता उचलला होता. तिला पाय उचलून त्यांना गाठता आलं असतं. पण आपण जवळ गेलो की पोरगी बोलायची थांबेल, हे तिला कळत होतं. म्हणून ती तशीच मागं चालत राहिली.